आधी खुर्ची, मग ब्रेक

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातील एक वाचक लिहितात: “माझे वय ३८ आहे. चार वर्षांपूर्वी गोठ्याच्या पत्र्यावरून पडलो आणि कमरेच्या जरा वर मणक्याला मार बसला. दोन्ही पायांत हालचाल नाही, संवेदनाही नाही. हात आणि छाती मात्र धडधाकट आहेत. शाहूपुरीतील एका पतसंस्थेत मी हिशेबाचे काम करतो. रोज धाकटा भाऊ मला सोडतो आणि आणतो, त्यात त्याचे स्वतःचे काम मागे पडते. घरी दहा वर्षांची, गिअरची हॅचबॅक आहे. उद्यमनगरातील ओळखीचे एक फॅब्रिकेटर म्हणतात, ब्रेक, क्लच आणि ॲक्सिलरेटरला सळया जोडून आठवड्यात गाडी हातावर करून देतो. पत्नीकडे परवाना आहे, पण ती चारचाकी फारशी चालवत नाही. ती म्हणते, जिवाशी खेळ नको. आईला गेल्या वर्षी अर्धांगवायू झाला, तिची उजवी बाजू लुळी आहे. तिला दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात न्यावे लागते आणि गाडीत बसवताना आमची तारांबळ उडते. जुनी गाडी बदलून घ्यावी की नवी घ्यावी, परवान्याचे काय, आणि पत्नीची समजूत कशी घालावी?”

तुम्ही गाडी चालवू शकाल असे मला तुमच्या पत्रावरून वाटते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातले बरेचसे सावधगिरीचे आहे आणि ते वाचून तुमची उमेद खचू नये. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे माझ्या दोन्ही पायांत बळ नाही आणि गेली अकरा वर्षे मी हाताच्या लिव्हरवर गाडी चालवतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, हाताने ब्रेक लावायला माणूस काही आठवड्यांत शिकतो. पण चाकाच्या खुर्चीतून गाडीच्या सीटवर स्वतः जाणे, ती खुर्ची स्वतः आत घेणे आणि मुक्कामी पोचल्यावर हेच सगळे उलट्या क्रमाने करणे, यावरच त्याचे स्वावलंबन ठरते. तुमच्या पत्रात ब्रेक आहे, क्लच आहे, परवाना आहे. खुर्ची आत कोण घेणार, हे मात्र कुठेच नाही. भावाला सकाळी बावड्यात खुर्ची चढवायला आणि शाहूपुरीत उतरवायला यावेच लागणार असेल, तर गाडी तुम्ही चालवली काय आणि त्याने चालवली काय, त्याचा दिवस मोडायचा तो मोडणारच.

म्हणून कोणालाही पैसे देण्याआधी एक रविवार या कामासाठी काढा. जुनी गाडी अंगणात सपाट जागी उभी करा, उजवीकडचे पुढचे दार पूर्ण उघडा आणि मापाची टेप घेऊन भावाला सोबत घ्या. जमिनीपासून ड्रायव्हरच्या सीटची उंची मोजा, पण सीटवर कोणीतरी बसलेले असताना मोजा, कारण फोम दबल्यावर जी उंची राहते तीच खरी. तुमच्या खुर्चीची उंचीही तुम्ही गादीवर बसलेले असतानाच घ्या. ही दोन मापे जितकी जवळ तितके बरे. सीट खुर्चीपेक्षा चार बोटांहून जास्त उंच असेल तर प्रत्येक वेळी संपूर्ण शरीर दंडांच्या बळावर वर उचलावे लागते, आणि तुमच्या स्थितीतील माणसांचे खांदे काही वर्षांत दुखू लागतात ते अशाच उचलण्यामुळे. हल्ली सगळ्यांना उंच एसयूव्ही हवी असते. तुम्ही तिच्या नादी लागू नका. उंच छताची छोटी हॅचबॅक तुम्हाला जास्त सोयीची, कारण तिची सीट खुर्चीच्या जवळपास असते आणि डोके फार वाकवावे लागत नाही.

मग प्रत्यक्ष जाऊन पाहा. खुर्ची सीटच्या जितकी जवळ नेता येईल तितकी नेऊन, तिची पुढची छोटी चाके पुढच्या दिशेला वळवून ब्रेक लावायचे. मध्ये जी फट उरते तिच्यावर गुळगुळीत लाकडी फळी ठेवायची. तिचे एक टोक मांडीखाली आणि दुसरे सीटवर पुरेसे आत गेलेले हवे. त्यानंतर एका दमात उडी न मारता तीन-चार छोट्या सरकण्यांत आत जायचे, आणि मगच एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. उलटे केले, म्हणजे पाय आधी आत टाकले, तर उंबऱ्याच्या पत्र्यावर नडगी घासते आणि संवेदना नसल्याने ते संध्याकाळी मोजा काढताना कळते. हे सगळे पहिल्यांदा करताना मागे भाऊ उभा असू द्या.

आता खुर्ची. दवाखान्यातून मिळते तसली घडीची लोखंडी खुर्ची बहुधा १५ ते २० किलोंची असते. ती बसल्या जागेवरून एका हाताने आत ओढणे धडधाकट खांद्यालाही जड आहे. हलक्या सांगाड्याच्या, बटण दाबले की मोठी चाके निघून येणाऱ्या खुर्च्या याच्या जवळपास निम्म्या वजनाच्या मिळतात. दोन्ही चाके काढून मागच्या सीटवर टाकायची, ड्रायव्हरची सीट मागे कलवायची आणि उरलेला सांगाडा पोटावरून सरकवत डाव्या सीटवर ठेवून त्याला बेल्ट लावायचा, अशी ती पद्धत आहे. बेल्ट लावायला विसरू नका. जोरात ब्रेक लागला तर सुटा सांगाडा अंगावर येतो. मला विचाराल तर तुमच्या बजेटमधला पहिला मोठा खर्च गाडीचा नसून या खुर्चीचा असायला हवा. खुर्चीवरून सीटवर रोज जाणारी माणसे बघायची असतील तर कोल्हापूरइतके सोयीचे गाव दुसरे क्वचितच सापडेल. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये उभ्या केलेल्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या संस्थेमुळे आपल्याकडे स्वतःच्या चाकाच्या खुर्चीवर नोकरी-व्यवसाय करणाऱ्यांची एक पिढी तयार झाली आहे. तशा एखाद्या माणसासोबत घालवलेला एक तास माझ्या या संपूर्ण उत्तरापेक्षा तुम्हाला जास्त शिकवील.

एक अडचण मात्र अंगणात कळणार नाही. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी राहते, म्हणजे तुमची खुर्ची नेमकी धावत्या रहदारीच्या बाजूला उघड्यावर येणार. बाकीचा माणूस झटकन उतरून दार लावतो; तुमचे दार चांगली दोन-तीन मिनिटे उघडे राहील. शाहूपुरीच्या गल्ल्यांमध्ये पतसंस्थेसमोर रस्त्यावर उतरणे म्हणूनच मला धोक्याचे वाटते. इमारतीच्या आवारात, भिंतीला डावी बाजू लावून आणि उजवीकडे किमान दीड मीटर जागा मोकळी राहील अशी एक जागा तुमच्यासाठी राखून ठेवण्याची लेखी विनंती व्यवस्थापनाकडे आजच करा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने कर्मचाऱ्याला आवश्यक त्या सोयी देण्याची भूमिका घेतली आहे, आणि आखलेल्या एका चौकोनाचा खर्च पिवळ्या रंगाच्या एका डब्याइतका आहे. ही जागा ठरल्याशिवाय बाकीचे काही ठरवू नका.

आता सळयांविषयी. उद्यमनगरच्या कारागिरांच्या हाताबद्दल मला मनापासून आदर आहे. लेथवर शंभर नग एका मापाचे काढणारी माणसे ती. तरीही ब्रेकचे काम त्यांच्याकडे देऊ नका, असे मी तुम्हाला कळकळीने सांगतो, आणि त्यामागे माझी स्वतःची एक दुपार आहे. माझा पहिला लिव्हर मी असाच एका वर्कशॉपमध्ये करून घेतला होता. दिसायला भक्कम, हिरव्या रंगाचा, वेल्डिंगही सुबक. पाचव्या महिन्यात पन्हाळ्याहून उतरताना वाघबीळच्या अलीकडे मी लिव्हर पुढे ढकलला आणि तो हातात मोकळा आला. सळई पेडलला जोडणाऱ्या पिनेला अडकवण म्हणून स्प्लिट पिन घालायची राहून गेली होती. रोजच्या हादऱ्याने पिन तसूतसूने बाहेर सरकत होती आणि त्या दिवशी ती खाली पडली. हँडब्रेक एकेक दात ओढत मी गाडी डोंगराच्या अंगाला टेकवली. गाडीचा पत्रा चेपला, मला काही झाले नाही. मिस्त्रीने फसवले नव्हते. ब्रेकच्या जोडणीत कोणती गोष्ट कधी सुटू शकते याची चाचणी त्याने कधी घेतलेलीच नव्हती, एवढेच.

ही चाचणी घेऊनच तयार केलेले हॅंड कंट्रोलचे संच बाजारात मिळतात. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने, तपासून मंजूर केलेलाच संच घ्या आणि विक्रेत्याकडून मंजुरीच्या प्रमाणपत्राची प्रत हातात घ्या. ती तुमच्या गाडीच्या मॉडेलला लागू आहे ना, हेही त्यावर वाचून पाहा. बहुतेक संचांत एकच दांडा असतो: पुढे ढकलला की ब्रेक, आणि स्वतःकडे ओढला किंवा मुठीने फिरवला की ॲक्सिलरेटर. ब्रेक ढकलण्यावर ठेवण्यामागे कारण आहे. गाडी थांबू लागते तेव्हा शरीर पुढे झुकते, आणि त्या झोकाने हात ब्रेकच्याच दिशेला जातो. याच्या उलट रचना असती तर घाबरलेल्या माणसाच्या हातून नेमक्या त्या क्षणी गाडीला गती मिळाली असती. एक हात कायम दांड्यावर राहणार म्हणून दुसऱ्या हाताने पूर्ण वळण घेता यावे यासाठी स्टिअरिंगवर फिरती मूठ बसवतात. हॉर्न आणि इंडिकेटर दांड्यावरचा हात न काढता दाबता आले पाहिजेत.

संच बसवून झाल्यावर पैसे देण्यापूर्वी गॅरेजमध्येच एक परीक्षा घ्या. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, म्हणजे ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या बूस्टरमधला निर्वात संपतो आणि पेडल दगडासारखे कडक होते. त्यानंतर तुम्ही स्वतः, सीटवर बेल्ट लावून बसलेले असताना, सगळ्या ताकदीने दांडा ढकला. सळई वाकली, पकड घसरली, किंवा तुमचे धड सीटवर एका बाजूला कलंडले, तर काम अपुरे आहे. चालत्या गाडीचे इंजिन अचानक बंद पडते तेव्हा एक-दोनदा दाबल्यानंतर ब्रेक असाच कडक होतो, आणि पायाच्या मानाने हातात बळ कमी असते. धड कलंडत असेल तर छातीवरून जाणारा एक जादा पट्टा लागेल.

जुनी गाडी मात्र विकून टाका. तीन पेडलांची कामे दोन हातांत बसवता येतात, तशी माणसे चालवतातही. पण बिंदू चौकातल्या गर्दीत क्लच, गिअर, ब्रेक, स्टिअरिंग आणि हॉर्न हे सगळे दोन हातांनी सांभाळायचे म्हणजे नवशिक्यासाठी फार झाले, आणि दहा वर्षे चाललेल्या गाडीत एवढा खर्च घालणे मला पटत नाही. ऑटोमॅटिक घ्या. एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप सांभाळणाऱ्या गाड्या, आता छोट्या हॅचबॅकमध्येही मिळतात, जुन्या वापरातल्याही मिळतात. घेताना दोन गोष्टी आवर्जून पाहा. पहिली हिल होल्डची, म्हणजे ब्रेक सोडल्यावरही चढावर गाडी काही क्षण धरून ठेवणारी सोय: एकाच दांड्यावर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर असल्यामुळे चढावर ब्रेक धरून गती देणे तुम्हाला जमणार नाही, दांडा ब्रेककडून ॲक्सिलरेटरकडे येईपर्यंत गाडी मागे घरंगळते, आणि जोतिबाच्या चढाला मागे एसटी उभी असताना ते परवडत नाही. दुसरी, दोन सीटांच्या मधोमध असलेला, ओढायचा साधा हँडब्रेक. हल्ली बटणाचा असतो, तो नको. का नको, ते पुढे सांगतो.

तुमच्या आणि माझ्या परिस्थितीत एक मोठा फरक आहे आणि तो तुम्ही लक्षात ठेवला पाहिजे. माझ्या पायांत बळ नाही, पण चटका बसला की कळते. तुम्हाला कळणार नाही. मणक्याच्या इजेत पायांना अधूनमधून आचके येतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. गाडीत तसा आचका आला तर बूट ॲक्सिलरेटरवर दाबला जाऊ शकतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे ब्रेक पेडलच्या खाली अडकून ब्रेक खालीच जाऊ देत नाही. यासाठी पेडलांसमोर काढता-घालता येणारी जाळी किंवा पत्रा बसवून घ्या. भाऊ गाडी चालवेल तेव्हा तो काढता आला पाहिजे, आणि भावालाही बजावून ठेवा की त्याच्या गुडघ्याचा धक्का लिव्हरला लागता कामा नये. आचके कमी होण्यासाठी तुम्हाला बॅक्लोफेन चालू असेल तर त्याने गुंगी येते. गोळीची वेळ आणि गाडीची वेळ यांचा मेळ डॉक्टरांना विचारूनच घाला. भरलेल्या मूत्राशयाने आचके वाढतात, म्हणून निघण्यापूर्वी ते रिकामे करण्याची सवय ठेवा. गाडीच्या सीटवर जाड फुगीर गादी टाकली तर तोल जातो आणि बेल्ट नीट बसत नाही. काहीच टाकले नाही तर बसण्याच्या हाडांवर जखम होण्याचा धोका. बेताच्या जाडीची, न सरकणारी गादी घ्या, मागच्या खिशात पाकीट ठेवू नका, आणि लांबच्या प्रवासात अर्ध्या-पाऊण तासाने गाडी कडेला घेऊन दोन्ही हातांवर अंग उचलून धरा. बावडा ते शाहूपुरी एवढ्याशा अंतरासाठी याचे ओझे वाटून घेऊ नका, पण पुण्याला जाताना हे चुकवू नका.

परवान्याची बाजू लोकांना वाटते तितकी बिकट नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ‘इनव्हॅलिड कॅरेज’ हा जुना, मनाला लागणारा शब्द काढून ‘अनुकूलित वाहन’ या अर्थाची संज्ञा आणली. त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये अशी तरतूद आहे की अपंगत्वामुळे साधी गाडी चालवण्याचा परवाना नाकारावा लागत असेल तरी अनुकूलित वाहनापुरता शिकाऊ परवाना देता येतो. तुमच्याकडे इजेपूर्वीचा परवाना असला तरी त्याच्या भरवशावर राहू नका. सीपीआर या सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, काढले नसेल तर ते आधी काढा, नमुना १-अ मधील वैद्यकीय दाखला घ्या आणि आरटीओत अर्ज करा. शिकाऊ परवान्याला सहा महिने मुदत असते आणि पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. ती तुमच्या बदललेल्या गाडीवरच द्यायची असते.

गाडीतील बदलाचेही तसेच. कलम ५२ नुसार स्वतःच्या गाडीचे अनुकूलित वाहनात रूपांतर करून नंतर नोंदणी प्राधिकरणाची मंजुरी घेता येते, मात्र बदल ठरवून दिलेल्या अटींत बसले पाहिजेत. पासिंग करून आरसीवर नोंद झालीच पाहिजे, कारण परवानगी नसलेल्या बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी शिक्षा कायद्यात आहे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अपघात झाला तर नोंद नसलेल्या लिव्हरवर बोट ठेवून विमा कंपनी दावा अडवते. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि दिव्यांगांसाठी बदललेल्या गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सवलत देणारे कलम पॉलिसीत लावून मागा. एजंट आपण होऊन ते सुचवत नाहीत. नवी गाडी घेताना नोंदणीच्या नमुना २० मध्ये मालकीच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ हा पर्याय २०२० पासून आहे, डीलरच्या माणसाकडून तोच भरून घ्या आणि रस्ते-करातील सवलतीचा अर्ज त्याच वेळी जोडा. पूर्वी छोट्या गाडीवर २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी लागावा म्हणून केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाचे प्रमाणपत्र आणावे लागे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना सर्वांसाठीच १८ टक्के दर झाला आहे, तेव्हा त्या कागदासाठी खरेदी अडवून धरू नका. राष्ट्रीय महामार्गावर दिव्यांग व्यक्तीसाठी खास तयार केलेल्या वाहनाला टोल माफ आहे; आरसीवर नोंद झाली की सूट असलेल्या फास्टॅगसाठी अर्ज करता येईल, म्हणजे किणीच्या नाक्यावर वाद घालत बसावे लागणार नाही.

आईंच्या बाबतीत मी तुम्हाला वेगळ्या गाडीचा सल्ला देणार नाही. त्या आधाराने दोन मिनिटे उभ्या राहू शकत असतील तर त्यांची जागा गाडीच्या सीटवरच आहे, कारण गाडीचे सीट आणि बेल्ट अपघाताचा धक्का सोसण्यासाठी बनवलेले असतात, घरातली चाकाची खुर्ची नसते. पुढची डावी सीट पूर्ण मागे सरकवा, पाठ थोडी कलती करा आणि सीटवर प्लॅस्टिकची जाडसर पिशवी अंथरा. आईंनी गाडीकडे पाठ करून, गुडघ्यांच्या मागे सीटची कड लागेपर्यंत मागे यायचे, डाव्या, म्हणजे धड हाताने सीटच्या पाठीचा आधार घ्यायचा आणि आधी फक्त बसायचे. एकाने त्यांच्या डोक्यावर हात धरावा, म्हणजे चौकटीला कपाळ लागणार नाही. लुळा उजवा पाय या बाजूने आधी आत जातो. तो टाचेखाली आणि गुडघ्याखाली असे दोन्ही हात घालून उचला, मग डावा पाय त्या स्वतः घेतील आणि पिशवीमुळे अंग आपोआप वळेल. वळून झाले की पिशवी ओढून काढा, नाहीतर ब्रेक लागल्यावर त्या बेल्टखालून पुढे घसरतील. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगा: आईंना उजव्या हाताला किंवा काखेत धरून कधीही ओढू नका. अर्धांगवायूत खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, ओढल्याने खांदा सांध्यातून सरकतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरा.

पुढे कधी उभे राहणे बंदच झाले तर फिरती सीट, आणि तीही पुरेनाशी झाली तर मागून उताराची फळी लावून खुर्चीसकट आत घेणारी व्हॅन, हे पर्याय आहेत. व्हॅनमध्ये खुर्ची पुढच्या दिशेलाच तोंड करून ठेवायची, चारही कोपऱ्यांना जमिनीशी पट्ट्यांनी बांधायची आणि माणसाला वेगळा बेल्ट लावायचा; खुर्चीला बांधलेला माणूस आणि गाडीला बांधलेली खुर्ची, एवढ्यावर भागत नाही. उद्यमनगरच्या तुमच्या ओळखीच्या कारागिरांना खरे काम इथे आहे. घराच्या पायऱ्यांवरचा उतार, दाराजवळ आईंना धरायला लोखंडी कठडा, पतसंस्थेच्या पायऱ्यांसाठी उचलता येणारी फळी, ही कामे त्यांच्याकडून करून घ्या; प्रत्येक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे माप त्यांना द्या आणि त्यात कंजुषी करू देऊ नका.

राहिला प्रश्न पत्नीचा. त्यांची समजूत घालू नका, त्यांना कामाला लावा. त्यांनी तुम्हाला पत्र्यावरून पडलेले पाहिले असेल. त्या भीतीला शब्दांनी उत्तर नाही. त्यांना काय हवे असेल याचा विचार करा: गाडी रस्त्यात बंद पडली तर तुम्ही उतरून ढकलू शकणार नाही, हे त्यांच्या मनात आहे. तेव्हा फोन हाताच्या अंतरावर डॅशबोर्डलाच अडकवलेला असेल, निघताना लोकेशन त्यांना जाईल, बेल्ट कापायची सुरी आणि काच फोडायची हातोडी दाराच्या खिशात असेल, आणि मागच्या काचेवर दिव्यांग चालकाचे चिन्ह असेल, हे तुम्ही आधीच ठरवून दाखवा. सरावाचा काळही जपून निवडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात राजाराम कारखान्याचा हंगाम सुरू झाला की तुमच्या बावड्याच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर रात्री मागच्या दिव्याशिवाय उभे असतात. नव्या हाताने त्यांच्यामधून गाडी काढायला शिकू नये. उन्हाळ्यात सुरुवात करा, सकाळी सहाला, तपोवनच्या मैदानावर. पहिले काही दिवस फक्त थांबायला शिका: वीसच्या वेगाने या आणि ठरवलेल्या विटेपाशी थांबा, पुन्हा या, पुन्हा थांबा, इतके की हात विचार न करता पुढे जाईल. त्यानंतर पहाटेचा शिवाजी विद्यापीठाचा रस्ता, आणि गर्दी सगळ्यांत शेवटी.

शिकाऊ परवान्यावर चालवताना शेजारी परवानाधारक माणूस असावाच लागतो. पहिल्या दिवशी त्या जागी भावाला नको, पत्नीला बसवा. मधला हँडब्रेक मी एवढ्यासाठीच मागितला होता. त्यांचा उजवा हात त्यावर असू द्या आणि तुम्ही वीसच्या वेगात असताना तो त्यांच्याकडून दोन-तीनदा ओढवून घ्या. गाडी कुठे थांबते, ते दोघांनी मिळून मैदानावर फक्कीने आखून ठेवा. तुमच्या लिव्हरने ती कुठे थांबते, ती रेघ त्याच्या शेजारी मारा, आणि त्या दोन रेघा बघून पुढचा दिवस कधी घ्यायचा ते त्यांना ठरवू द्या.